एकसारखा निळा

३ ऑक्टोबर

धाकटे,

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, नोटीसच ती. टाईप केलेली, खाली सही, सहीखाली शिक्का. सख्ख्या बहिणीला शिक्का मारून पत्र पाठवणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती, ती माझ्याच आईच्या पोटी निघाली. हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालीस त्याला सहा वर्षं झाली, पण हातातला शिक्का काही सुटत नाही.

नातीने मला तुझी पाचही कलमं वाचून दाखवली. शाळेच्या नव्या सभागृहाचा पडदा. कापड जाड सुती. रंग निळीचा, गडद. 'सर्वत्र एकसारखा असावा. डाग, छटा, पट्टा अथवा फिकेपणा आढळल्यास कापड स्वीकारले जाणार नाही.' हे ऐकून आमचे हे असे हसले की खुर्ची मागे सरकली. म्हणाले, "तुझ्या बहिणीला लिही, बावन्न वर्षांत या कारखान्यातून डागाचं कापड बाहेर गेलेलं नाही. कलमं गिरणीवाल्यांना पाठव म्हणावं." मग उठून आरशात बघून मिशी नीट केली. या वयात कुणाला दाखवायचीय मिशी, देव जाणे.

तू कधी मागच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाहीस, कपडे खराब होतील ना बाईसाहेबांचे, म्हणून सांगते. निळीचा रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला आहे. त्यात नीळ आणि चुना. चुना जास्त झाला की रंग कापडावर चट्ट्याचट्ट्यांनी बसतो, कमी झाला की नीळ नासते. आणि हे कळतं जिभेला. हे रोज सकाळी बोट बुडवतात, जिभेच्या टोकाला लावतात, डोळे मिटतात, आणि मग हुकूम सुटतो, मूठभर टाका, नाहीतर राहू द्या. थुंकतात तेसुद्धा असे ऐटीत की वाटावं भाषण संपलं. दुसऱ्या कुणाची जीभ चालत नाही. नात दोन वर्षं यांच्या हाताखाली राबतेय, कोपरापर्यंत निळी झाली पोरगी, पण रांजणाची चव? छे! "जीभ उसनी देता येत नाही" म्हणे.

तुझ्या पडद्याचे सहा लांब पट्टे रंगवून मग शिवायचे आहेत. हे म्हणतात हे शेवटचं मोठं काम, मग रांजण नातीच्या हवाली. बघू या. बायकोच्या हवाली कधी किल्ली केली नाही या माणसाने.

एक आनंदाची गोष्ट सांगायची राहिली. उभा जन्म माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली यांनी, मीठ कमी, आंबट जास्त, काल बरं होतं. या वर्षी एक अक्षर नाही! समोर ठेवावं ते खातात, "छान" म्हणतात. पन्नास वर्षांनी का होईना, आला माणूस ताळ्यावर.

तुझी,
अक्का

ता. क. पूर्णविराम सगळे नातीने घातलेत. मी लिहिते आणि ती पोस्टात टाकायच्या आधी ठिपके देते. तेव्हा लाल शाईची बाटली बंद कर.


९ ऑक्टोबर

ती. अक्कास,

शिक्का समितीचा आहे, माझा नाही. कलमंही समितीची. त्यातलं एकसारख्या रंगाचं तेवढं माझं.

उद्घाटन १ डिसेंबरला दुपारी तीन वाजता आहे. कापड २० नोव्हेंबरपर्यंत हवं. आमच्या अध्यक्षांना गिरणीचं कापड घ्यायचं होतं. मी भर बैठकीत सांगितलं की पडदा माझे भाऊजी रंगवतील, आणि त्यावर एक ठिपका जरी दिसला तर मी समितीचा राजीनामा देईन. अध्यक्षांनी हे लगेच इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. असा उत्साह त्यांनी दुसऱ्या कुठल्याही विषयात दाखवलेला नाही. तेव्हा भाऊजींच्या नावाबरोबर माझा शब्दही त्या रांजणात बुडणार आहे, हे ध्यानात असू दे.

आता दुसरी गोष्ट. तुझ्या लग्नानंतर मी पहिल्यांदा तुमच्याकडे जेवले तेव्हा भाऊजींनी एकाच जेवणात तीनदा वाटी परत पाठवली होती. तोच माणूस आता निमूट जेवतो आणि तू खूश आहेस. अक्का, तुझा स्वयंपाक सुधारलेला नाही. मी गेल्याच महिन्यात जेवले आहे. भाऊजींना डॉक्टरांकडे ने.

तुझी,
धाकटी


१७ ऑक्टोबर

धाकटे,

जळो तुझं तोंड. आणि त्याहून जळो ते की तुझं खरं निघालं.

तुझं पत्र वाचून आधी मी चिडले. दोन दिवस मनातल्या मनात तुला अशी उत्तरं दिली की तू असतीस तर रडली असतीस. मग म्हटलं एकदा बघायला काय जातं. तिसऱ्या दिवशी सकाळी यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं, चांगला चमचाभर. प्यायले. कप खाली ठेवला. "झकास!" म्हणाले. मी हसत हसत कप उचलला, आत आले, आणि पिठाच्या डब्यावर बसून राहिले. किती वेळ ते ठाऊक नाही. डब्याचं झाकण मात्र तेव्हापासून चेपलंय.

मागच्या हिवाळ्यात तो मोठा ताप आला होता ना, त्यातच गेली असणार जीभ. म्हणजे आठ-नऊ महिने हा माणूस रोज सकाळी रांजणात बोट घालून, डोळे मिटून, नाटक करतोय! आणि आम्ही सगळे हात जोडून उभे! अंदाजाने चाललंय सगळं, जुन्या सवयीने. छोटी कापडं निघून गेली, नशीब. पण तुझे सहा पट्टे?

डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "मला काय झालंय?" असे बघितले माझ्याकडे की मी विषय बदलून शेजारणीच्या सुनेवर नेला. त्या बाईवर तासभर बोलता येतं, ते पुन्हा कधीतरी.

तर मी काय ठरवलं ते ऐक. हे साताला शेडमध्ये जातात. मी सहाला जाते. बोट बुडवते, जिभेला लावते, आणि चुना कमी वाटला तर मूठ-दोन मूठ टाकून, ढवळून, झाकण लावून परत येते. इतकी वर्षं स्वयंपाकाची चव बघितली, रांजणाची बघायला काय शिंग लागतात? यांना कळायचं नाही, नाव राहील, तुझा शब्द राहील. हे पत्र जाळून टाक. नातीने वाचलंय ठिपके द्यायला, पण ती माझ्या बाजूची आहे.

तुझी,
अक्का


२३ ऑक्टोबर

ती. अक्कास,

पत्र जाळलं नाही. अशा मूर्खपणाची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे.

ज्या कामाला भाऊजींना शिकायला अकरा वर्षं लागली ते तू पिठाच्या डब्यावर बसून आत्मसात केलंस. स्वयंपाकाची चव बघता येते म्हणून रांजणाची येते, असं जर असेल तर मला हिशेब येतो म्हणून मी धरणही बांधू शकते.

त्यांना सरळ सांग. वाईट वाटेल, पण वाईट वाटण्याने आजवर कापड बिघडलेलं नाही.

धाकटी


६ नोव्हेंबर

धाकटे,

इकडे सर्व ठीक. कापड वाळतंय. हवा कोरडी आहे. यांची तब्येत बरी. माझे गुडघे आहेत तसेच. नात मजेत. शेजारी नवीन पंप बसवला, फार आवाज करतो.

बाकी काही विशेष नाही.

अक्का


१२ नोव्हेंबर

ती. अक्कास,

तुला शिंक आली तरी मला चार पानं येतात. आणि माझ्या पडद्याबद्दल दोन शब्द आले, 'कापड वाळतंय'. शेजाऱ्यांच्या पंपाला त्याहून जास्त जागा मिळाली.

रविवारी सकाळी गाडी करून येते आहे. काय असेल ते झाकून ठेवू नकोस.

धाकटी


१९ नोव्हेंबर

धाकटे,

तू जाऊन दोन दिवस झाले. अंगणात दोऱ्या रिकाम्या आहेत आणि घरात कुणी बोलत नाही, म्हणून तुझ्याशी भांडायला बसले.

आलीस काय, कमरेवर हात ठेवून सहा पट्ट्यांपुढून फिरलीस काय, परेडच जणू, आणि म्हणालीस काय, "हा पडदा नाही, हा त्वचारोग आहे." चांगलं बोलतेस हो! एवढी शिकलीस ती हे बोलायला? आणि मग दुसरं कापड मिळायला वेळ नाही म्हणून तोच रोग गुंडाळून गाडीत घातलास. हे दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

तुझ्यापाशी झाकून आता काय करायचंय. घडलं ते असं. मी सहाला दोन मुठी चुना टाकला. मला वाटलं कमी आहे. हे साताला आले, बोट बुडवलं, डोळे मिटले, त्यांनाही अंदाजाने वाटलं कमी आहे. त्यांनी दोन मुठी टाकल्या. असं लागोपाठ चार दिवस. मी यांचं झाकतेय, हे स्वतःचं झाकतायत, आणि रांजण बिचारा दोघांचा चुना खातोय. नातीने पाचव्या दिवशी मला विचारलं, "आजी, रोज चार मुठी कशाला गं?" तोवर सहाही पट्टे बुडवून झाले होते.

हे अजून यांना सांगितलेलं नाही. यांना वाटतंय सगळं आपल्याच हातून झालं. तू गेल्यावर शेडमध्ये गेले, रांजणावर झाकण ठेवलं आणि झाकणावर दगड. म्हणाले, "पुढच्या महिन्यात माणसं बोलवू. रांजण उपसून माती भरून टाकू." बावन्न वर्षांत तो रांजण एकदाही रिकामा झालेला नाही, धाकटे. नात जेवली नाही त्या दिवशी. तिची दोन वर्षं मातीत. मी आपली बावळटासारखी भांडी घासत बसले, स्वच्छ होती तीसुद्धा.

पण आता जे सांगणार आहे त्याला हसलीस तर याद राख. पट्टे खराब निघाले त्या दिवशी मीही रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन अंगणातून मागच्या दाराकडे चालले होते, दोऱ्यांवरच्या पट्ट्यांमधून. आणि वाट चुकले. माझ्याच अंगणात! एका पट्ट्यावर खोल पाण्याच्या तळाशी काहीतरी हलावं तसं. दुसऱ्यावर धूर वर चढत गेलेला. तिसऱ्यावर खालून असं उजाडत आलेलं की मी मान वाकडी करून बघितलं, सूर्य कुठून येतोय. सूर्य माझ्या पाठीशी होता. बादली हातात तशीच. हात दुखायला लागला तेव्हा कळलं.

बावन्न वर्षं या दोऱ्यांवर एकसारखा निळा वाळताना बघितला. एकदा तरी थांबले का मी? कपडे वाळत घातल्यासारखं वाटायचं, बाजूला सारून जायचं. तुमच्या त्या 'सर्वत्र एकसारखा' मध्ये बघण्यासारखं असतंच काय? भिंतसुद्धा एकसारखी असते. हे मी यांना सांगायला गेले तर म्हणाले, "दया दाखवू नकोस." मी आणि दया! माणसाला पन्नास वर्षांत बायको कळू नये म्हणजे कमाल आहे.

तू तरी नीट बघितलंस का गं? की नुसते डाग मोजलेस?

तुझी,
अक्का


२ डिसेंबर

ती. अक्कास,

डाग मोजले होते. पहिल्याच पट्ट्यावर एकेचाळीस. मग सोडून दिलं.

काल उद्घाटन झालं. पट्टे इथेच शिवून घेतले आणि तोच पडदा लावला, कारण दुसरा नव्हता. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता.

मी व्यासपीठावर बसले होते, पडद्याकडे पाठ करून, अध्यक्षांच्या शेजारी. त्यांनी सुरुवातीलाच सभागृहाची माफी मागितली, "या तात्पुरत्या पडद्याबद्दल समिती दिलगीर आहे, लवकरच योग्य पडदा बसवण्यात येईल," आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. मग चाळीस मिनिटं स्वतःच्या कार्याविषयी बोलले. अक्का, मी बत्तीस वर्षं शाळेत समोर उभी राहिले आहे. मुलींचं लक्ष आपल्याकडे आहे की नाही हे मला डोळे मिटूनही कळतं. काल साडेतीनशे डोकी समोर होती आणि एकही नजर अध्यक्षांवर नव्हती, माझ्यावर नव्हती. सगळ्या नजरा आमच्या डोक्यांवरून पलीकडे. असा अपमान माझा आयुष्यात झालेला नाही. पहिल्या रांगेत दोन मुली हळू आवाजात भांडत होत्या. एक म्हणे तो तलाव आहे, दुसरी म्हणे तलाव नाही, पाऊस लांबून येतोय. शेवटी एकीने दुसरीला चिमटा काढला. एरवी मी दोघींना उभं केलं असतं. मला मागे वळून बघायची इच्छा होत होती, आणि व्यासपीठावर बसलेल्या बाईला ते करता येत नाही.

सगळे चहाला गेल्यावर मी खाली उतरून तिसऱ्या रांगेत बसले. मला तो पडदा आवडलेला नाही, हे स्पष्ट लिहिते. पण मी तिथे एक तास बसले. शिपाई दोनदा विचारून गेला, बाई, बरं वाटत नाहीये का. दुसऱ्या खेपेला मी त्याला म्हटलं, तूही बस. तो बसला. खालचं ते उजाडणं त्यालाही दिसलं. मी काही न सांगता.

संध्याकाळी बैठकीत अध्यक्षांनी गिरणीच्या पडद्याचा ठराव मांडला. मी विरोधात मत दिलं. राजीनाम्याचा कागद त्यांनी आठवणीने मागितला. मी सांगितलं, माझ्या शब्दाप्रमाणे ठिपका दिसला तर देणार होते. मला ठिपका दिसला नाही, तलाव दिसला. हेही इतिवृत्तात घ्या. ठराव पडला, एका मताने.

आता दोन बाजूंचे छोटे पडदे हवे आहेत. अगदी याच्यासारखे.

मी तुमच्या दारात जे बोलले ते भाऊजींना ऐकू गेलं, याचं मला फार वाईट वाटतं. आणि तू त्यांना चुन्याचं सांग. दोघांनी केलेली चूक तो माणूस एकटा वाहतो आहे, आणि तू भांडी घासते आहेस.

धाकटी


१४ डिसेंबर

धाकटे,

या वेळी पत्रात शिक्का नव्हता म्हणून मी तीनदा उलटून बघितलं, तुझंच आहे ना.

यांना वाचून दाखवलं, मोठ्याने, नातीकडून. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुझ्या वाईट वाटण्यापर्यंत हलले नाहीत. पुढे चुन्याचं यायच्या आत मी पोरीला थांबवलं, म्हटलं, पुन्हा सुरुवातीपासून वाच. दुसऱ्या वाचनाला 'तात्पुरता' शब्द आला आणि हे उठून बसले. "कोण म्हणाला?" "अध्यक्ष." "त्याचं वय काय?" आता ते मला कसं ठाऊक असणार? "माझ्या कापडाचा रंग त्याच्या नातवंडांच्या नातवंडांना पुरेल. तात्पुरता तो आहे!" दोन आठवड्यांनी आवाज चढला घरात. मला इतका आनंद झाला की मी त्याच भरात सांगून टाकलं, "चुना मीही टाकत होते."

शेजारचा पंपसुद्धा नेमका तेव्हाच बंद होता.

"किती?"

"दोन मुठी. रोज."

"का?"

"तुम्हाला चव लागत नाही म्हणून."

मला वाटलं आता हा माणूस कोसळणार. यांनी उलट कमरेवर हात ठेवले. मग म्हणाले, "दोन मुठी? एवढ्या रांजणाला? रोज? अगं, काही अक्कल?" आणि जी सुरुवात केली! माझी अक्कल, माझा हात, माझ्या माहेरचे सगळे, त्यात तूही आलीस, एकेकाला घेऊन धुतलं. मी पदराने डोळे पुसत हसत होते आणि नात आम्हा दोघांना वेड लागलं असं समजून दारात उभी. बोलता बोलताच हे उठले, शेडमध्ये गेले आणि झाकणावरचा दगड ढकलून दिला. तो माझ्या तुळशीच्या नाही, नशीब, नुसत्या झाडूच्या अंगावर पडला.

तुझ्या 'अगदी याच्यासारखे' वर मात्र यांनी तोंड असं वाकडं केलं की बघायला हवी होतीस. "हिला सांग, आधी म्हणे एकसारखा दे, आता म्हणे तसाच दे. हेडमास्तरीण शेवटी. तसा पुन्हा येत नसतो. येईल तो घ्यावा लागेल." तेव्हा बाई, कलमं पाठवू नकोस.

रांजण आठ दिवस तसाच निवळू दिला. काल उघडला. गडी होते, नात होती, मी होते. यांनी सवयीने बोट बुडवलं, ओठांपर्यंत नेलं, आणि तिथेच थांबले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी जीभ गेलीय. आता हिने बघायचं," आणि नातीला पुढे ओढलं. पोरीने चाखलं, तोंड असं केलं की मेलीच आता. "कसं लागतं?" "घाण!" "घाणीत फरक असतो. नीट सांग. टोचतं की आंबतं?" अर्धा तास तिची परीक्षा चालली होती. मलाही बोट बुडवायला लावलं. माझं उत्तर ऐकून मला पास केलं नाही.

दोन्ही कापडं बुडवली. काही नेम नव्हता, हे स्वतःच म्हणाले. वर काढली तेव्हा हिरवी होती, सगळीच तशी निघतात, वारा लागला की निळी होतात. आम्ही दोरीवर टाकली आणि आपापल्या कामाला लागलो, नेहमीसारखं. यांनी मात्र खुर्ची ओढून दोरीसमोर मांडली आणि बसले. या माणसाने कापड निळं होईपर्यंत आजवर कधी वाट बघितली नव्हती. कशाला बघायची, काय होणार ते ठाऊकच असायचं. हिरव्यातून निळं यायला लागलं, एका कोपऱ्यात लवकर, मधेच कुठेतरी उशिरा, एका जागी आल्यासारखं करून परत गेलं. हे पुढे वाकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. नातीने जेवायला हाक मारली, दोनदा मारली, तिसऱ्यांदा मी स्वतः गेले ओरडायला.

मान न वळवता म्हणाले, "थांब गं जरा. त्याचं अजून ठरतंय."

तुझी,
अक्का